थरथरणारे पॉप-अप हेडलाइट: दुरुस्तीचा माझा अनुभव

पॉप-अप हेडलाइट, म्हणजे एरवी लपलेले आणि लावताना वर येणारे दिवे, असलेली जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हा त्रास होतो. दिवे वर येतात, लागतात, प्रकाशही भरपूर पडतो, पण रस्ता जरा खडबडीत झाला की समोरचा उजेड थरथरायला लागतो. माझ्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चं हेच झालं होतं. या पिढीच्या गाड्या १९८९ ते १९९७ या काळात बनल्या, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेलेली. इतक्या वर्षांत दिव्यांची झाकणं हजारो वेळा वर-खाली होतात, तेव्हा सांधे झिजणारच.

मी बरेच महिने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण गाडी बहुतेक दिवसाच चालवते. फेब्रुवारीतल्या वार्षिक तपासणीत मात्र विषय टाळता आला नाही. तपासणी करणाऱ्या गृहस्थांनी दिवे वर करायला लावले, डाव्या दिव्याचं झाकण दोन बोटांनी पुढे-मागे हलवून पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला: ‘हेडलाइट घट्ट बसलेला नाही.’ उजव्याबद्दल ‘किंचित ढिला, लक्ष ठेवावे’ एवढंच. पहिल्या शेऱ्यामुळे गाडी नापास. दिलेल्या मुदतीत दुरुस्ती करून त्याच केंद्रात आणली तर फक्त दिव्यांची फेरतपासणी होते आणि शुल्कही कमी लागतं. मुदत टळली तर सगळी तपासणी पहिल्यापासून, पूर्ण शुल्क भरून. असा कागद तुमच्या हातात पडला तर शेऱ्याचे नेमके शब्द नीट वाचा. ‘घट्ट नाही’ आणि ‘प्रकाशाची दिशा चुकीची’ हे दोन वेगळे दोष आहेत, आणि फेरतपासणीत बघतात ते कागदावर लिहिलेलं.

घरी आले तेव्हा जीव थोडा धास्तावला होता. इंजिनाचं तेल, ब्रेकचे पॅड ही कामं मी स्वतः करते, पण उघडमीट करणाऱ्या या यंत्रणेला कधी हात लावला नव्हता. एका गॅरेजमध्ये विचारलं, तर उत्तर आलं, ‘पूर्ण जोडणी बदलावी लागेल, दोन्ही बाजूंची.’ जुन्या गाडीतून काढलेली जोडणी घेतली तरी आकडा मोठा होता, आणि तिचे सांधे किती झिजलेत हे कोणी सांगू शकत नव्हतं. तेवढ्याच वयाचा भाग पैसे मोजून घ्यायचा आणि दोनेक वर्षांनी पुन्हा तिथेच यायचं, हे मला पटेना. नक्की काय ढिलं झालंय हे आधी शोधायचं आणि मगच खरेदी करायची, असं ठरवलं.

त्यासाठी ही यंत्रणा चालते कशी हे समजून घ्यावं लागलं. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असते. मोटरच्या दांड्यावर एक छोटा क्रँक (दांड्याबरोबर फिरणारा आखूड हात), क्रँकच्या टोकाला एक लिंक (जोडपट्टी), आणि लिंकचं दुसरं टोक दिव्याच्या चौकटीला. चौकट बिजागरीवर फिरते. मोटर नेहमी एकाच दिशेने फिरते: अर्धा फेरा झाला की दिवा वर, पुढचा अर्धा फेरा झाला की खाली. फेरा कुठे थांबवायचा हे मोटरच्या आतले विजेचे संपर्क ठरवतात. दिवा पूर्ण वर आला की क्रँक आणि लिंक जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. म्हणून झाकणावर हात ठेवून दाबलं तरी मोटर उलटी फिरत नाही, सगळा भार थेट सांध्यांतल्या पिनांवर येतो. रचना फार सुंदर आहे. मात्र त्या रेषेतल्या एखाद्या पिनभोवती जराशी जागा झाली की ती कुठे जिरत नाही, सरळ दिव्यापर्यंत पोहोचते. चौकट वर आल्यावर टेकायला एक रबरी स्टॉपर असतो, त्याची उंची स्क्रूने कमी-जास्त करता येते. खाली बसताना टेकायलाही तशीच सोय असते.

लपणारे दिवे पहिल्यांदा आले ते १९३६च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत. तिथे ते डॅशबोर्डवरच्या हँडलने हाताने फिरवून वर काढावे लागत. १९६२च्या लोटस एलानमध्ये हेच काम निर्वात दाबाने होई, आणि एमएक्स-५ची प्रेरणा ती एलानच. लोटस एस्प्रिट आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट यांचं उत्पादन २००४मध्ये थांबलं, त्यानंतर मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांतून असे दिवे गेले ते गेलेच. म्हणून जे शिल्लक आहेत ते नीट सांभाळावेत असं मला मनापासून वाटतं. स्थिर दिव्यांचं रूपांतर-किट बसवून मोकळं व्हायचा सल्लाही मला मिळाला होता. ती माझी गाडी राहिली नसती.

मार्चच्या पहिल्या रविवारी बॉनेट उघडलं. कामाला लागण्यापूर्वीची एक गोष्ट अगदी काटेकोर पाळा. आधी बटण दाबून दिवे वर घ्या (दिवे न लावता नुसती झाकणं वर आणायचं वेगळं बटण या गाडीत आहे), मग झाकणांच्या मोटरींचा फ्यूज काढा, आणि त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडा. या गाडीची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे नवख्या माणसाला ती चटकन सापडत नाही. मोटर छोटी दिसली तरी तिच्या क्रँकमध्ये सापडलेलं बोट सुटत नाही. पुढे झाकण वर-खाली करायचं ते हातानेच: मोटरवर रबराच्या टोपीखाली एक गोल खुंटी असते, ती बाणाच्या दिशेने फिरवत राहायचं. खूप फेरे लागतात. कंटाळून झाकण हाताने ओढू नका.

ढिलाई शोधायला दोन माणसं लागतात. धाकटा भाऊ आला होता. त्याने झाकणाची पुढची कड धरून हलवायची आणि मी एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकत्र हलत असतील तर तो सांधा ठीक. बोटाखाली ‘टक’ असं जाणवलं तर प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, तिथेच आहे. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटाला अचूक कळतो.

‘ताई, जोरात हलवू का?’

‘नको, हळूच. जोरात हलवलंस तर सगळंच हलतं, मग कळत नाही.’

डाव्या बाजूला तीन ठिकाणी टकटक सापडली. सगळ्यात जास्त लिंकच्या क्रँककडच्या टोकाला. त्याहून कमी लिंकच्या वरच्या टोकाला. आणि रबरी स्टॉपर चौकटीला टेकतच नव्हता, मधून जाड कागद सहज सरकत होता. बिजागरीत काही नाही, मोटरचे बोल्ट घट्ट. उजवीकडे फक्त क्रँककडचा बुश (पिनेभोवती बसणारी छोटी नळी), तोही थोडासाच. या एका तपासणीने माझी निम्मी भीती गेली. अख्खी जोडणी बदलायचं काम आता प्लास्टिकच्या चार बुशवर आलं होतं.

एवढ्याशा ढिलाईने इतका फरक कसा पडतो, असं भावाने विचारलं. हिशेब सोपा आहे. समजा बिजागरीपासून लिंकच्या जोडापर्यंतचं अंतर १०० मिलिमीटर आहे आणि प्ले अर्धा मिलिमीटर. म्हणजे दर २०० मिलिमीटरला १ मिलिमीटर. प्रकाश २५ मीटर पुढे पडतो तिथे हाच फरक साडेबारा सेंटिमीटरचा होतो. लो बीम (जवळ पडणारा प्रकाश) साधारणपणे दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली झुकलेला ठेवतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेने त्या झुकावाचा निम्मा भाग वर-खाली होत राहतो, आणि समोरून येणाऱ्या चालकाला आपण सारखे डिपर मारतोय असं वाटतं. तपासणीतला शेरा मला तेव्हा खऱ्या अर्थाने पटला.

आता सगळ्यात मोहाची जागा. स्टॉपर टेकत नाही म्हटल्यावर बरेच जण तोच स्क्रू फिरवून वर घेतात, चौकट ताणली जाते आणि कंप लगेच थांबतो. काम पाच मिनिटांचं. भावाने त्या वेळी तेच सुचवलं आणि पाना हातात घेऊन उभा राहिला. पण झिजलेले बुश तसेच ठेवून स्टॉपरने ताण दिला की पिना एकाच बाजूने दाबल्या जातात आणि झीज वाढते. स्टॉपर फार वर आला तर क्रँकला पूर्ण वरच्या बिंदूपर्यंत पोहोचताच येत नाही. मग आतले संपर्क तुटत नाहीत, मोटर अडून बसूनही वीज ओढत राहते, आणि शेवटी फ्यूज जातो किंवा मोटर तापून जळते. मोटर महाग आहे. म्हणून आधी बुश, स्टॉपर सगळ्यात शेवटी. या लेखातलं एवढं एक लक्षात ठेवलंत तरी माझं काम झालं.

बुश दोन प्रकारचे मिळतात: डेल्रिन या कडक प्लास्टिकचे आणि पितळेचे किंवा ब्राँझचे. मूळ नायलॉनसारख्या प्लास्टिकपेक्षा डेल्रिन ओल कमी शोषतं, त्यामुळे फुगत नाही, आणि पिनेला घासतही नाही. धातूचे बुश टिकाऊ, पण त्यांना नियमित ग्रीस लागतं, आणि कोरडे पडले तर पीनच खातात. मी डेल्रिनचे मागवले. ‘पाठवले’ असा निरोप लगेच आला, पार्सल मात्र कस्टममध्ये अडकलं. वस्तूचं वर्णन अपुरं म्हणून बिलाची प्रत आणि ‘हे काय आहे, कशासाठी आहे’ असं लिहून द्यावं लागलं. तेव्हा परदेशातून मागवत असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा: बिलावर नुसतं ‘सुटे भाग’ लिहू नका, ‘मोटारीच्या हेडलाइटचे प्लास्टिक बुश’ असं स्पष्ट लिहा. बुशची किंमत, पाठवणी आणि कर मिळून झालेला खर्च एका जुन्या जोडणीच्या जवळपासही नव्हता. चिंता होती ती मुदतीची, कारण दिवस सरकत होते. तपासणी केंद्राला फोन करून मुदत वाढते का विचारलं, तर वाढत नाही असं कळलं, पण फेरतपासणीसाठी वेळ राखून ठेवायला त्यांची हरकत नव्हती. मी मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ घेऊन ठेवली.

मार्च संपता संपता बुश हातात आले. काढायला सुरुवात केली ती डाव्या बाजूने, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची हे ठरवून. दोन्ही बाजूंचे भाग आरशातल्यासारखे उलटे असतात, त्यामुळे शंका आली की न उघडलेली बाजू बघायला मिळते. चौकटीचा कोणताही बोल्ट ढिला करण्यापूर्वी त्याच्या डोक्याभोवती पांढऱ्या मार्करने खूण करा, नाहीतर झाकण बंद झाल्यावर बॉनेटशी असलेली फट एकीकडे जास्त, एकीकडे कमी दिसते आणि ती जुळवण्यात दिवस जातो. भिंगाभोवतीची काळी चौकट बाजूला काढली की हात घालायला जागा मिळते. तिचं प्लास्टिक आता ठिसूळ झालेलं असतं, थंडीत तर जास्तच. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग स्क्रू काढले.

लिंकचा खालचा नट गंजून बसला होता. गंज सोडवणारं तेल मारलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पुन्हा मारलं. नट फिरवताना क्रँक दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा, कारण तो जोर मोटरच्या आतल्या गिअरवर जाऊ द्यायचा नाही. दुपारी नट कुरकुरत सुटला आणि खूप हायसं वाटलं.

जुना बुश बाहेर आला तो दोन तुकड्यांत. आतलं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं, आणि एका बाजूची भिंत नखाएवढी पातळ. त्यावरचं ग्रीस वाळून तपकिरी मेण झालेलं, त्यात बारीक चमकणारी पूड. पीन रॉकेलने पुसून व्हर्निअर कॅलिपरने आडवी-उभी मोजली. दोन्ही मापं सारखी आली, म्हणजे पीन वाचली होती. हे माप घेणं चुकवू नका. पीनच एका बाजूने खाल्ली गेली असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही. अशा वेळी लेथवर काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून पिनेच्या मापाचा बुश करून घ्यावा किंवा पीन बदलावी.

नवा बुश हाताने दाबून बसला नाही. हातोडी न मारता शिकंज्यात दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून हळूहळू दाबला. पीन आत गेल्यावर हाताने सहज फिरली पाहिजे, पण आडवी हलता कामा नये. वरच्या टोकाचा बुश जरा घट्ट झाला, म्हणून आतून बारीक पॉलिश पेपर गोल गुंडाळून एकदोन वेळा फिरवला. त्याहून जास्त घासू नका, घासून गेलेलं परत भरून येत नाही. जोडताना सिलिकॉन ग्रीस वापरलं, कारण ते रबराला आणि प्लास्टिकला सोसतं.

उजवी बाजू पटकन झाली.

त्यानंतर स्टॉपर. दिवा खुंटीने पूर्ण वर घेतला, क्रँक आणि लिंक रेषेत आल्याची खात्री केली, लॉकनट (स्क्रू जागेवर पक्का ठेवणारा नट) ढिला करून रबर चौकटीला जेमतेम टेकेपर्यंत वर आणलं, आणि तिथून अगदी थोडं पुढे. कसोटी अशी: जाड कागदाची पट्टी मध्ये धरली तर ती ओढताना अडकली पाहिजे, पण खुंटी शेवटच्या फेऱ्यात जड लागता कामा नये. मग लॉकनट कसला, फ्यूज आणि बॅटरी जोडली, आणि बटण दाबून दिवे वर-खाली करून पाहिले. मोटरचा आवाज वर पोहोचताच स्वच्छ थांबतो का, हे कान देऊन ऐका. थांबताना घरघर लांबली तर स्टॉपर जास्त वर आहे. खालच्या बाजूचा स्टॉपरही पाहिला, कारण झाकण बंद असताना ते खडखडलं की तोच सांधा परत झिजतो.

आता झाकण हलवलं की गाडीची बॉडी हलत होती, दिवा वेगळा हलत नव्हता. तरी डाव्या बाजूला प्रकाशात बारीक थरथर शिल्लक होती, आणि माझा धीर थोडा खचला. झाकण स्थिर असूनही प्रकाश हलत असेल तर दोष आतल्या भागात असतो. सात इंची गोल दिवा एका कड्यात बसतो, आणि ते कडं दिशा ठरवणाऱ्या दोन स्क्रूंवर आणि एका स्प्रिंगवर तोललेलं असतं. स्क्रूंचे प्लास्टिक नट वयाने तडकतात. माझा एक तडकला होता. तो जवळच्या सुट्या भागांत मिळाला, अगदी किरकोळ किमतीत, आणि थरथर गेली.

या स्क्रूंना हात लावला म्हणजे प्रकाशाची दिशा नव्याने लावणं आलंच. सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली. टायरमध्ये हवा योग्य, टाकीत निम्मं पेट्रोल, आणि चालकाच्या जागी भाऊ. गाडी दोन सीटची आणि हलकी, त्यामुळे एका माणसाच्या वजनानेही पुढचा भाग वर-खाली होतो. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखली, आणि त्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी पट्टी. अंधार पडल्यावर लो बीमची वरची कड खालच्या पट्टीवर आणली. मग बॉनेटवर तळहाताने थापट्या मारल्या. कड गाडीबरोबर हलून लगेच स्थिरावली.

फेरतपासणीला जाताना जुना शेऱ्याचा कागद, बुशची पावती आणि झिजलेले बुश एका पिशवीत नेले. पावती मागितली नाही, पण कागद मागितला, आणि तो नसता तर पूर्ण तपासणीचं शुल्क भरावं लागलं असतं. याही वेळी त्याच गृहस्थांनी दोन बोटांनी झाकण हलवून पाहिलं. मग यंत्रावर प्रकाशाची दिशा मोजली. डावा दिवा ठीक, उजवा ठीक, शेरा रद्द. रांगेतला वेळ मोठा, काम काही मिनिटांचं. फुटका बुश त्यांना दाखवला तर ते तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘बहुतेक लोक नुसता स्टॉपर कसून आणतात. पुढच्या वर्षी परत येतात.’

त्या रात्री मुद्दाम खडबडीत रस्त्याने घरी आले. खड्डा आला की गाडी उडते, प्रकाश तिच्याबरोबर एकदा वर जातो आणि खाली येतो, बस. रात्री गाडी बाहेर काढायला मला आता बरं वाटतं.

आता दर सहा महिन्यांनी पिनांना ग्रीस लावते आणि स्टॉपरच्या रबराला चीर गेली आहे का पाहते. गाडी बराच काळ उभी असेल तर बटणाने दिवे अधूनमधून वर-खाली करते, म्हणजे सांधे आखडत नाहीत. आणि तुम्ही बुश मागवणार असाल तर दुसऱ्याच्या गाडीच्या मापावर मागवू नका. आपली पीन पुसून, मोजून, आकडा लिहून ठेवा, आणि मगच मागणी नोंदवा.